संकेतस्थळावरच्या फोटोंची वर्णनं एआयकडून लिहून घ्यावीत का? दृष्टिहीन वाचकांनी आणि जाणकारांनी जरूर लिहा

वाचनालयवाली

आमच्या उपनगरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ मी सांभाळते. पगारी काम नाही, कार्यकारिणीत आहे म्हणून अंगावर आलेलं आणि आता आवडीचं झालेलं काम. स्थळावर अडीचेक हजार चित्रं आहेत. नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं, व्याख्यानमालेचे फोटो, गणेशोत्सव, दिवाळी अंकांचं प्रदर्शन, सुट्ट्यांच्या सूचना, अभ्यासिकेचं वेळापत्रक, आणि एका दिवंगत सभासदाच्या घरच्यांनी दिलेला जुन्या मुंबईच्या फोटोंचा संग्रह. यातल्या जवळपास कुठल्याच चित्रामागे ऑल्ट टेक्स्ट नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: ऑल्ट टेक्स्ट म्हणजे चित्रासोबत पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं वर्णन. डोळसांना ते सहसा दिसत नाही. दृष्टिहीन माणूस स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो तेव्हा चित्राच्या जागी ते त्याला ऐकू येतं.

यंदा अभ्यासिकेत दृष्टिहीन विद्यार्थी यायला लागले. त्यांच्यातल्या एकाने काउंटरवर विचारलं, की वेळापत्रकाच्या पानावर त्याच्या मोबाइलला काहीच का सापडत नाही. पान उघडून बघितलं तर वेळापत्रक म्हणजे फळ्याचा फोटो. विषय कार्यकारिणीत मांडला तेव्हा एक जण म्हणाले, एआयचं टूल आहे, सगळ्या फोटोंची वर्णनं एका रात्रीत लिहून देतं, खर्चही किरकोळ. सगळ्यांना पटलं. मला मात्र अजून पटत नाहीये, आणि का ते नमुन्यासह सांगते.

व्याख्यानमालेच्या समारोपाचा एक फोटो टूलला दिला. उत्तर आलं: "मंचावर पाच व्यक्ती बसलेल्या आहेत. एक ज्येष्ठ महिला ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून बोलत आहे. मागे फुलांची सजावट आहे." यात चूक काढायला जागा नाही. पण त्या बाई आमच्या ग्रंथपाल. सगळी नोकरी त्यांनी देवघेवीच्या टेबलामागे काढली, आणि निवृत्तीच्या वर्षी सभासदांनी आग्रहाने त्यांना मंचावर बोलावून समारोपाचं भाषण करायला लावलं. तो फोटो स्थळावर आहे तो याच कारणासाठी. डोळस सभासद फोटो बघून "अरे, बाई बोलतायत!" म्हणतो. ऐकणाऱ्या सभासदाला मात्र कोणीतरी ज्येष्ठ महिला मिळते.

तर विचारायचं हे, की असं वर्णन लावावं की नाही? काहीच नसण्यापेक्षा बरं म्हणून लावायचं, की हाताने लिहायचं? हाताने लिहायचं तर अडीच हजार कोण लिहिणार?

खिडकीतला_वाचक

महत्त्वाचा धागा. आमच्या सोसायटीचा तर सगळा कारभार व्हॉट्सॲपवर टाकलेल्या कागदांच्या फोटोंवर चालतो. पाणीकपात, सभेची सूचना, लिफ्टची दुरुस्ती, सगळं फोटोत. वाचतोय.

कोड_आणि_कटिंग

ताई, मी संकेतस्थळं बनवतो. आधी तांत्रिक बाजू सांगतो, कारण अडीच हजार हा आकडा तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही.

डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे वेब सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीचे, जे निकष आहेत, त्यांना आम्ही डब्ल्यूसीएजी म्हणतो. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ची, २.० आली २००८ला, आणि २.२ आली २०२३ला. त्यातला अगदी पहिला निकष, १.१.१, हाच आहे: मजकूर नसलेल्या प्रत्येक गोष्टीला तेच काम करणारा मजकुराचा पर्याय हवा. तो 'ए' पातळीचा, म्हणजे किमान अटींतला. 'तेच काम करणारा' हे शब्द नीट बघा. चित्र त्या पानावर काय काम करतंय, ते वर्णनाने करायचं. चित्रात काय काय दिसतंय याची जंत्री निकष मागत नाही.

आता तुमचा ढीग कमी करू. मुखपृष्ठांच्या शेजारी पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मजकुरात लिहिलेलं असेलच. तसं असेल तर ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवा. रिकामा ऑल्ट आणि ऑल्टच नसणं यात फार फरक आहे. रिकामा म्हणजे "हे चित्र सोडून पुढे जा" अशी स्क्रीन रीडरला दिलेली सूचना. ऑल्टच नसेल आणि चित्रावर लिंक असेल, तर बिचारा रीडर फायलीचं नाव नाहीतर लिंकचा पत्ता वाचत सुटतो. 'आयएमजी अंडरस्कोअर दोन शून्य दोन तीन' असलं काहीतरी माणसाला ऐकावं लागतं. शेजारी नाव नसेल तर ते तुमच्या ग्रंथसूचीतून आपोआप उचलता येतं. दोन्ही वेळा एआयचं काम नाही. फुलांच्या किनारी, समईची चित्रं वगैरे सजावट असेल तर तिथेही रिकामा ऑल्ट.

वेळापत्रक आणि सूचना यांना तर वर्णन नकोच, तो मजकूर पानावर मजकूर म्हणून टाका. मजकुराचं चित्र करू नये असा वेगळा निकष आहे, १.४.५. ऑल्टमध्ये तक्ता मावत नाही. रीडर ऑल्ट एका दमात वाचून टाकतो, त्यात ओळी-रकान्यांतून मागेपुढे जाता येत नाही. पानावर खरा तक्ता असेल तर माणूस 'गुरुवार' या ओळीवर थेट जाऊ शकतो. अधू दृष्टीच्या माणसाने फोटो मोठा केला की अक्षरं फुटतात, मजकूर मोठा केला की फुटत नाहीत. फायदा सगळ्यांचाच आहे.

एवढं केल्यावर उरतील ते कार्यक्रमांचे फोटो आणि तो जुना संग्रह. खरा प्रश्न तेवढ्यापुरता आहे.

दिव्यांग_डबा

मी जन्मापासून दृष्टिहीन. बँकेत नोकरी, रोज कल्याण ते सीएसएमटी. स्क्रीन रीडर तीन वापरतो: ऑफिसात जॉज, घरी एनव्हीडीए, मोबाइलवर टॉकबॅक. त्यामुळे हे दुसऱ्या बाजूने सांगतो.

वाचनालयवाली ताई, तुमचं टूल जे लिहून देतं ते मी स्वतः मिळवू शकतो. आज, आत्ता, माझ्या फोनवर. टॉकबॅकमध्येच आता गूगलचं जेमिनी हे एआय चित्राचं वर्णन करतं. चित्रं बोलून सांगणारं सीइंग एआय हे ॲप २०१७पासून आयफोनवर आहे, २०२३च्या शेवटी अँड्रॉइडवर आलं. डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं बी माय आइज हे ॲप २०१५पासून डोळस स्वयंसेवकांशी व्हिडिओवर जोडून देत होतं, त्यात २०२३पासून एआयसुद्धा आहे. आणि मला तिथे उलट प्रश्न विचारता येतो. "मागच्या फलकावर काय लिहिलंय?" "डावीकडून दुसरा माणूस काय करतोय?" तुमच्या ऑल्टला मी प्रश्न विचारू शकत नाही.

मग न तपासलेलं एआयचं वर्णन तुम्ही ऑल्टमध्ये घातलंत की काय होतं? चित्राला ऑल्ट नसेल तर मला कळतं की इथे वर्णन नाही, मी माझं यंत्र चालवतो आणि जे ऐकू येईल ते यंत्राचं म्हणून ऐकतो, अर्धा विश्वास ठेवून. ऑल्ट असेल तर फोन तोच वाचतो, आणि मी तो वाचनालयाचा शब्द मानतो. यंत्राचा अंदाज तुमच्या सहीने माझ्यापर्यंत पोचतो. तो चुकला तर मला कळायला मार्ग नाही.

उदाहरण देतो. रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना गटांवर चित्र म्हणून फिरते. एका शनिवारी एका ॲपने मला वाचून दाखवलं, माटुंगा ते मुलुंड, धीमा मार्ग, ११.५० ते ३.५५. सूचनेत होतं जलद मार्ग आणि ११.०५. बाकी सगळं बरोबर होतं, म्हणून तर शंका आली नाही. मी बहिणीकडे भांडुपला निघालो होतो, पाऊण तास गाडीत अडकलो. जीव गेला नाही कोणाचा. पण औषधाच्या पट्टीवर हेच झालं तर? जुन्या पद्धतीची अक्षरओळख चुकली की कचरा वाचायची, मला लगेच कळायचं की हे बिघडलंय. हे नवं यंत्र चुकतं तेव्हाही छान, स्वच्छ, आत्मविश्वासाने बोलतं.

तुमच्या ग्रंथपालबाईंबद्दल मला कुठलंही यंत्र सांगणार नाही. ते फक्त तुम्ही सांगू शकता. माझी विनंती एवढीच, की तुमच्याकडून मला ते हवंय.

घाटावरून_मुंबईत

दादांचा मुद्दा मानतो, पण व्यवहार बघा. वेबएम नावाची संस्था दर वर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पानं तपासते. २०२४मध्ये त्यातल्या ५४.५ टक्के पानांवर ऑल्ट नसलेली चित्रं सापडली. हे जगातल्या मोठमोठ्या संकेतस्थळांचं, जिथे पगारी माणसं आहेत. निकष २५ वर्षांहून जुना आहे आणि तरी ही स्थिती. मग चार स्वयंसेवकांच्या वाचनालयाने परिपूर्णतेची वाट बघत बसायचं का? आज रात्री टूल चालवा, निदान काहीतरी लागेल. सुधारणा नंतर सवडीने.

कोड_आणि_कटिंग

नंतर सवडीने कोणी सुधारत नाही, हा माझा धंद्यातला अनुभव. रकाना भरलेला दिसला की तपासणीच्या अहवालात हिरवी खूण येते, आणि ते चित्र कायमचं नजरेआड होतं. स्वयंचलित तपासणी ऑल्ट आहे का एवढंच बघते, तो खरा आहे का हे तिला कळत नाही.

या विषयावर अमेरिकेत एक प्रकरण झालंय. अ‍ॅक्सेसीबी नावाच्या कंपनीचा दावा होता, की त्यांचं एआयचं टूल लावलं की कुठलंही संकेतस्थळ डब्ल्यूसीएजीच्या निकषांत बसतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने जानेवारी २०२५मध्ये तो दावा दिशाभूल करणारा ठरवून दहा लाख डॉलर भरायला लावायचा आदेश पुढे आणला. तेव्हा 'एका रात्रीत' म्हणणाऱ्यांना प्रश्न विचारा.

ऐकते_मी

मी पण दृष्टिहीन आहे, कॉलेजात शिकते, आणि दिव्यांग_डबा दादांशी मी अर्धीच सहमत आहे.

दादा, तुम्ही तंत्रात मुरलेले आहात. तुमचा फोन नवा असेल. माझ्या वसतिगृहात अर्ध्या मुलींकडे जुने फोन आहेत, डेटा मोजून वापरायचा, आणि चित्र दिसलं की ते ॲपमध्ये शेअर करा, थांबा, ऐका, परत या, हे एका पानावर दहा वेळा कोण करणार? मुली ते चित्र सोडूनच देतात. त्यांच्या कानावर "मंचावर पाच व्यक्ती, एक महिला बोलत आहे" एवढं आपोआप पडलं तरी पानाची कल्पना येते. तुम्हाला जो शब्द अपुरा वाटतो तो काहींना पहिला शब्द असतो.

आणि दुसरं सांगू का? एआय येईपर्यंत मला चित्रं या गोष्टीत रस घ्यायची सोयच नव्हती. २०१६मध्ये फेसबुकने स्वतःहून वर्णनं द्यायला सुरुवात केली, तेव्हा "चित्रात असू शकतं: तीन माणसं, हसरे चेहरे, घराबाहेर" एवढंच यायचं. मी लहान होते, ताईच्या फोनवर ऐकलेलं आठवतं. आता मैत्रिणीने टाकलेल्या फोटोबद्दल मी दहा प्रश्न विचारते. भिंतीला पोपडे आलेत, मागे वाळत घातलेले कपडे आहेत, एकीने हातावर मेंदी काढली आहे. माणसं हे कधीच सांगत नाहीत. माणसाला विचारलं तर "अगं, छान फोटो आहे" म्हणतात आणि विषय संपतो. यंत्राला कंटाळा येत नाही. त्यामुळे यंत्र वाईट आणि माणूस चांगला, असं माझ्या बाबतीत झालेलं नाही.

तरी दादांचा सहीचा मुद्दा मला पटला. म्हणून माझं म्हणणं: लावा, पण जे तपासलेलं नाही त्याच्यावर तसं लिहा. "एआयने केलेलं वर्णन, तपासलेलं नाही." मग किती विश्वास ठेवायचा ते माझं मी ठरवीन.

दिव्यांग_डबा

जुन्या फोनचा मुद्दा खरा आहे, माझ्या बोलण्यात तो आला नव्हता. खूण करून लावणार असाल तर माझी हरकत नाही. फक्त सूचना, वेळा, रकमा, फोन नंबर असलेल्या चित्रांना तेही नको. तिथे मजकूरच हवा.

निवृत्त_बाई

मी मुंबईतल्या अंध मुलींच्या शाळेत शिकवायची. दादरची कमला मेहता अंधशाळा १९००पासून आहे. या शहराला हे काम नवं नाही, साधनं नवी आहेत.

वर्णन कसं करावं याबद्दल थोडं सांगते, कारण इथे सगळे 'कोणी करावं' यावरच बोलतायत. आधी मुख्य गोष्ट सांगावी. ऐकणाऱ्याला मध्येच पुढे जायचं असेल तर त्याला सार मिळालेलं असावं. "या छायाचित्रामध्ये असे दिसते की" ही सुरुवात नको, चित्र आहे हे स्क्रीन रीडर आधीच सांगतो. एआयला मात्र ही सवय फार. शिवाय ते शेवटी शेपूट जोडतं, "एकूण वातावरण उत्साहाचे आणि सांस्कृतिक अभिमानाचे आहे." हे वर्णन नव्हे. ऐकणाऱ्याला काय वाटावं ते आपण ठरवू नये. चेहऱ्यावर हसू असेल तर हसू सांगा, मान खाली असेल तर तेही सांगा. अभिमानाचं त्याचं तो बघेल.

रंग सांगावेत का, असं डोळस लोक मला नेहमी दबक्या आवाजात विचारतात. जरूर सांगावेत. बऱ्याच जणांची दृष्टी नंतर गेलेली असते, त्यांना रंग आठवतात. ज्यांनी कधीच पाहिले नाहीत त्यांनाही लाल दिवा, भगवा झेंडा, पांढरी काठी यांचे अर्थ ठाऊक असतात. माझ्या विद्यार्थिनी साडीचा रंग विचारून मगच ती चांगली आहे की नाही ते ठरवायच्या.

आणि माणसाचा धर्म, जात, वय यांचा अंदाज बांधू नये. वारीच्या एका फोटोला एआयने दिलेलं वर्णन मुलाने मला वाचून दाखवलं. "पारंपरिक वेशातले पुजारी हातात धातूच्या तबकड्या घेऊन मिरवणुकीत चालले आहेत." टाळ घेतलेले वारकरी होते ते, त्यातले कितीतरी शेतकरी. वाचणारा डोळस असता तर त्याने लगेच दुरुस्त केलं असतं. ऐकणाऱ्या मुलीच्या मनात वारी म्हणजे पुजाऱ्यांची मिरवणूक असं बसलं असतं.

परळकर

त्या जुन्या संग्रहाबद्दल बोलतो. वडील गिरणीत होते, आम्ही चाळीत वाढलो. जुने फोटो ओळखायचा मला नाद आहे.

ताईंनी इथे टाकलेले चार नमुने मी एका एआयला दाखवून बघितले. पहिला फोटो सीएसएमटीसमोरच्या महापालिकेच्या इमारतीचा. यंत्राने ठणकावून 'व्हिक्टोरिया टर्मिनस रेल्वे स्थानक' लिहिलं. का चुकलं ते समजण्यासारखं आहे. दोन्ही इमारती एकाच वास्तुविशारदाच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. दोन्हींना घुमट, दोन्ही दगडी, समोरासमोर. महापालिकेची इमारत पूर्ण झाली १८९३ला, स्थानक त्याच्या काही वर्षं आधीचं. पण मुंबईकराला हा गोंधळ व्हायचा नाही. महापालिकेचा मनोरा उंच, आणि दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभा. फोटोत हे सगळं स्पष्ट आहे.

दुसरा फोटो हुतात्मा चौकाचा. यंत्र म्हणालं, "एका चौकात मशाल धरलेल्या दोन पुरुषांचा पुतळा, जवळ युरोपीय शैलीचे कारंजे." हेही बरोबर आहे. पण ते दोघं कामगार आणि शेतकरी आहेत, आणि ते तिथे उभे आहेत ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्यांसाठी. कारंजं म्हणजे फ्लोरा फाउंटन. १९६०च्या १ मेला राज्य झालं, त्यामागे काय होतं ते सांगणारी ही जागा. मराठी वाचनालयाच्या संकेतस्थळावर या फोटोखाली 'दोन पुरुषांचा पुतळा' एवढंच कोणी ऐकावं, हे मला सहन होत नाही. चीड येते, खरंच.

तिसऱ्या फोटोत गिरणीच्या दारातली गर्दी आहे. यंत्राने लिहिलं 'गर्दी'. मी त्यात गिरणीच्या फाटकावरचा फलक वाचला, डोक्यावरच्या टोप्या बघितल्या, आणि हा संप १९८२चा नसून आधीचा आहे हे माझ्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या काकांनी सांगितलं. ही माणसं अजून आहेत. त्यांना टंकायला येत नाही, पण फोटो समोर धरला की बोलतात. ती आहेत तोवर हे लिहून घ्या. वर्णन दृष्टिहीनांसाठी लिहाल, पण ती माहिती उद्या डोळसांनाही दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

वाचनालयवाली

परळकर काका, शनिवारी वाचनालयात याल का? तुमच्या शेजारच्या काकांना घेऊन. मी गाडी पाठवते. कागदावर काही लिहायचं नाही, नुसतं बोलायचं, आमची अभ्यासिकेतली मुलं टंकतील.

परळकर

येतो. गाडी काकांसाठी पाठव, मी बसने येईन.

काळा_कोट

वकील आहे, थोडक्यात कायदा सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चं कलम ४२ माहिती आणि संपर्काच्या साधनांची सुगम्यता सांगतं. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं, की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीसारखे ठेवता येणार नाहीत, काही अटी सक्तीच्याच हव्यात. ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण प्रामुख्याने ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगणारी यंत्रणा दृष्टिहीनांनी आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांनी वापरायची कशी, हा प्रश्न होता. वाचनालयावर उद्या खटला होईल म्हणून हे सांगत नाही. कार्यकारिणीत कोणी "हे सगळं हौसेचं काम आहे" म्हणालं तर उत्तर हाताशी असावं.

आणखी एक. बालविभागातले मुलांचे फोटो परदेशी सर्व्हरवरच्या टूलकडे पाठवण्याआधी पालकांची संमती घ्या. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांबाबत काटेकोर आहे. ते फोटो हातानेच लिहावेत हे उत्तम.

घाटावरून_मुंबईत

माझं मत बदललं नाही, पण थोडं सरकलं. एक रात्र नको, पण पहिला मसुदा यंत्राने करावा आणि माणसाने दुरुस्त करावा, याला कोणाची हरकत आहे का? कोऱ्या रकान्यापुढे बसलेला स्वयंसेवक अडतो. समोर चुकीचं वाक्य असेल तर हात आपोआप चालतो.

कोड_आणि_कटिंग

हरकत नाही, मीही तसंच करतो. फक्त यंत्राला फोटो एकटा देऊ नका. सोबत पानाचं शीर्षक, फोटोखालची ओळ, कार्यक्रमाचा वृत्तांत द्या आणि सांगा की या पानावर हा फोटो का आहे ते लक्षात घेऊन दोन वाक्यांत लिही. ग्रंथपालबाईंचं नाव वृत्तांतात असेल तर मसुद्यात यायची शक्यता खूप वाढते. पण मग तपासणाऱ्याने फोटोही बघायचा, कारण वृत्तांतात पाच पाहुणे असले की यंत्र फोटोतल्या चार जणांनाही पाच नावं वाटून टाकतं.

दोन मराठीच्या अडचणी. एक, पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद आहे का बघा. तुमच्या साच्यात ती इंग्रजी आहे, मी आत्ताच तपासलं. ती दुरुस्त केली की स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी बोलतो, गूगलचा आवाजही बोलतो. दोन, छपाईवाल्याने दिलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तो उचलून ऑल्टमध्ये डकवू नका. पडद्यावर त्या फॉन्टमुळे मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, आणि रीडर ती खिचडीच वाचतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

ऐकते_मी

भाषेची नोंद लगेच बदला प्लीज! वर्णनांच्या आधी. सगळं स्थळ एका झटक्यात ऐकण्यासारखं होईल.

वाचनालयवाली

बदलली. कोड_आणि_कटिंग, तुम्ही फोनवर सांगितलंत तसं केलं, पाच मिनिटांचं काम निघालं.

कार्यकारिणीपुढे हे ठेवलं आणि मान्य झालं: वेळापत्रक, सुट्ट्या, वर्गणी, सूचना हे यापुढे फोटो म्हणून चढणार नाही, मजकूरच चढेल. मुखपृष्ठांना ग्रंथसूचीतून नाव किंवा रिकामा ऑल्ट. कार्यक्रमांच्या फोटोंना यंत्राचा मसुदा, पण कार्यक्रमाला हजर असलेल्या माणसाने वाचून मान्य केल्याशिवाय लावायचा नाही. मुलांचे फोटो यंत्राकडे जाणार नाहीत. जुन्या संग्रहाला यंत्राचं फक्त 'दिसतं काय' एवढं वर्णन तात्पुरतं, ऐकते_मीने सुचवलेल्या खुणेसह, आणि शनिवारच्या बैठकींतून जसजसं हाती येईल तसं ते बदलत जायचं. टूलच्या पैशांवरून थोडी वादावादी झाली, ती मिटली.

ग्रंथपालबाईंच्या फोटोला मी असं लिहिलंय, सांगा कसं वाटतं: "व्याख्यानमालेच्या समारोपात आमच्या ग्रंथपाल माइकसमोर बोलत आहेत, एक हात टेबलावर टेकलेला. मंचावरचे पाचही पाहुणे त्यांच्याकडे मान वळवून ऐकत आहेत." बाईंचं नाव स्थळावर आहे, इथे लिहीत नाही.

निवृत्त_बाई

छान. हात टेबलावर टेकलेला आहे हे यंत्राने टिपलं नव्हतं. निवृत्तीचं वर्ष त्यात नको, ते फोटोखालच्या ओळीत सगळ्यांना दिसेल असं लिही. डोळस सभासदांतल्याही नव्या पिढीला ते माहीत नसणार.

दिव्यांग_डबा

ऐकलं. पाहुणे मान वळवून ऐकतायत हे मला हवं होतं.

एक विचारतो. शनिवारी मी आलो तर चालेल का? वर्णन टंकून झालं की तिथल्या तिथे एनव्हीडीएवर वाचून दाखवीन, कुठे अडखळतंय ते लगेच कळेल. लॅपटॉप माझा आणतो. फक्त स्टेशनवरून वाचनालयापर्यंत रस्ता खणलाय का ते सांगा.

वाचनालयवाली

खणलाय, पूर्वेच्या बाजूने. पश्चिमेच्या पुलावरून उतरा, तिकीट खिडकीपाशी अभ्यासिकेतला मुलगा उभा राहील. साडेचारला सुरू करू.

ऐकते_मी

मला ऑनलाइन जोडून घ्याल का? परीक्षा आहे, येता येणार नाही. हुतात्मा चौकाचं वर्णन मला पहिल्यांदा ऐकायचंय, परळकर काकांच्या तोंडून.

परळकर

अवश्य जोडा. त्या फोटोपासूनच सुरू करू.